बॉलकडे न पाहणारा कोच

आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमचे कोच रामटेके काका मॅच चालू असताना बॉलकडे पाहत नसत. मी पत्रकं लिहिते, आणि पत्रकं लिहिणारे वाढवून सांगतात असा आरोप नेहमी होतो, म्हणून आधीच सांगते, यात एक शब्दही वाढवलेला नाही. बाकीच्या टीमचे कोच मधल्या रेषेपाशी उभे राहतात, हात हलवतात, घसा फाटेपर्यंत ओरडतात. काका आमच्याच गोलच्या मागे, जाळीला नाक लावून उभे. बॉल समोरच्या गोलपाशी गेला की सगळ्या मैदानाच्या माना तिकडे वळायच्या आणि हा एकटा माणूस आमच्या मागच्या चार पोरींचे पाय पाहत राहायचा. आम्ही गोल केला, आख्खा पारा, म्हणजे आमचा सगळा मोहल्ला, नाचायला लागला, की ते जाळीतून गोलकीपर दुर्गाला विचारायचे, "कोणं मारला वं?"

कुणीतरी एकदा चिडवलं, "काका, तिकीट काढून आलात, सिनेमा तर पाहा." त्यावर काका म्हणाले, "बॉल पाहाले सारा पारा आहे. मागं पाहाले मीच एकटा आहो."

देवराव रामटेके. वडील रेल्वेत म्हणून रायपूरला आलेले, मूळ गाव भंडाऱ्याकडे. काका स्वतः शहराबाहेरच्या सिलतरा या औद्योगिक वसाहतीत, स्पंज आयर्न म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. शिफ्ट सुटली की सायकल थेट मैदानावर. अंगावर निळा डगला, भुवयांवर काळी भुकटी, गळ्यात शिट्टी. आमचं मैदान सिलतऱ्याच्या वाऱ्याच्या तोंडी येतं. संध्याकाळी चुन्याने आखलेली रेषा सकाळी राखाडी आणि दुपारी नाहीशी झालेली असते. काका रोज फक्त एकच भाग नव्याने आखायचे, आपल्या गोलसमोरचा चौकोन. बाकीच्या रेषांचं काय, म्हटलं तर उत्तर यायचं, "बाकीच्या पुसल्या तं पुसल्या. घराची भिंत दिसली पाहिजे."

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, कारण काका आमच्याशी मराठीतच रागवायचे. आम्ही उत्तर हिंदीत द्यायचो. त्यांनी कधी हट्ट धरला नाही, स्वतःची भाषाही सोडली नाही.

त्यांच्या शिकवण्याची एक वस्तू होती, निवार. खाटेला विणतात ती सुती पट्टी. गोल बाजारातून त्यांनी एक लांब गुंडाळी आणली होती. मागच्या चारही पोरींनी ती कमरेपाशी धरायची, एकीपासून दुसरी सहा-सात पावलांवर, आणि काका बॉल इकडे-तिकडे फेकत राहणार. चौघींनी एकदम सरकायचं. निवार लोंबली तरी शिट्टी, ताणली तरी शिट्टी. "तुटेपर्यंत ओढू नको वं, ते काही तुहं सासर नाही!" असं ते ओरडायचे आणि आम्ही हसून बेजार व्हायचो. अर्धा अर्धा तास हेच. गोलवर बॉल मारायचा सराव शेवटची दहा मिनिटं, तोही उजेड उरला तर.

मी त्या निवारीत नव्हते. मी सेंटर फॉरवर्ड. काकांच्या टीममध्ये सेंटर फॉरवर्ड म्हणजे अर्ध्या मैदानात एकटी सोडलेली बाई. दहा जणी मागे भिंत बांधून उभ्या आणि पुढे मी, चुकून आलेल्या बॉलची वाट पाहत. शून्य-शून्य झालं की काका परीक्षेत पहिले आल्यासारखे हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

त्याच काळात मी कारखान्यांच्या धुळीविरुद्धच्या मोहिमेत शिरले. कॉलेजला होते, डोकं गरम होतं आणि आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काळे होत होते. मोहिमेतल्या मोठ्या दीदींनी मला पत्रक लिहायला शिकवलं. त्यांचा एक नियम फार कडक होता. पत्रकाची पहिली प्रत, ते ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हातात. नजरेला नजर देऊन. गेटवर चिकटवून पळून आलात तर ते पत्रक नाही, ती चुगली. माझं पहिलं पत्रक मी काकांच्याच कारखान्याच्या मॅनेजरच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी शिफ्टमधल्या प्रत्येकाला सांगितलं, "ते देणारी माह्या टीमची पोट्टी होय." त्या दिवसापासून ते मला लीडर म्हणायला लागले.

आणि आता ती मॅच.

सेमीफायनल होती. मधल्या रेषेजवळ बॉल माझ्याकडे आला. एकीला डावीकडून मागे टाकलं, दुसरीच्या पायांमधून काढला, गोलकीपर पुढे आली तेव्हा डाव्या पायाने कोपऱ्यात. माझा डावा पाय म्हणजे चालण्यापुरता. आयुष्यात तसा गोल मी पुन्हा मारला नाही. मी वेड्यासारखी आख्खं मैदान ओलांडून काकांकडे पळाले. काका जाळीमागून पुढे येऊन दुर्गावर ओरडत होते.

"काका, देखा?"

"काय?"

"गोल!"

"झाला काय गोल? कसा झाला? सांग बरं."

मी तशीच मागे फिरले. त्यानंतर काकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना मागे ओढलं, मलाही. एक गोल सांभाळत बसलो. शेवटच्या मिनिटांत बरोबरी झाली आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. मुली रडल्या. काका प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत म्हणत होते, "मागनं चांगलं खेळल्या."

घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. हिंदीत, कारण आमच्या पाऱ्यात मराठी पत्रक चार घरं वाचतात. मथळा होता, ‘हमें बचाव नहीं, जीत चाहिए’. मुद्दे खरे होते. आम्ही गोल करत नव्हतो. कोचच्या मनात जिंकायचं नसेल तर मुलींनी कशासाठी घाम गाळायचा? क्लबने हल्ला शिकवणारा कोच आणावा. इथपर्यंत मी आजही सही करीन. पण खाली मी आणखी एक ओळ लिहिली: ‘डरपोक कोच, डरपोक खेल’. ती ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर टीम नव्हती. माझा गोल न पाहिलेला माणूस होता. स्वतःच्या रुसव्याला मागणीचे कपडे घातले की तो किती रुबाबदार दिसतो, ते तेव्हा मला कळलं नाही.

दोनशे प्रती. चहाच्या ठेल्यावर, सलूनमध्ये, क्लबच्या कमिटीला. आठवडाभर पाऱ्यात दुसरा विषय नव्हता. सलूनवाला भैया वस्तरा हवेत धरून म्हणायचा, "अरे, गोल नहीं मारेंगे तो जीतेंगे कैसे?" आणि खुर्चीतला म्हातारा साबणाच्या फेसातून म्हणायचा, "गोल खाबो नइ, त हारबो कइसे?" गोलच खाल्ला नाही तर हरू कसे, असा त्याचा हिशेब. माणसं भांडत होती, मजा घेत होती, व्हॉट्सअपवर पत्रकाचा फोटो फिरत होता. पत्रक सगळीकडे पोचलं.

एका माणसाच्या हातात मी ते दिलं नाही. मॅनेजरसमोर उभी राहू शकलेली मी, काकांच्या घरावरून तीनदा सायकल नेली आणि तीनदा परत आणली.

समाजभवनात बैठक झाली. कमिटीचे अध्यक्ष गोल गोल बोलत होते. काका शेवटच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "लंबं कशाले करता? पोट्ट्याईले गोल पाहिजे. मले गोल शिकवता येत नाही. बरोबर लिहिलं आहे." पुढे येऊन त्यांनी शिट्टी टेबलावर ठेवली. शिट्टी क्लबची होती. निवार त्यांची स्वतःची, ती काखेत मारली आणि निघाले. जाताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

नवे कोच तरुण होते, मेहनती होते, चांगले होते. त्यांना खलनायक करून माझी सुटका होणार नाही. त्यांनी तिघींना पुढे खेळवलं, आम्हाला धावायला शिकवलं, गोलवर बॉल मारायला शिकवलं. आम्ही गोल केले, पुष्कळ केले. पेपरात फोटो आला, त्यात मी मधे. खाल्लेही पुष्कळ, पण चार मारून तीन खाल्ले तर कोण मोजतं? खोटं बोलणार नाही, ते दिवस फार मजेचे होते.

मग एका मॅचमध्ये आमचा हल्ला अर्ध्यात तुटला. त्यांच्या तिघी बॉल घेऊन सुटल्या. आमच्या मागच्या चौघींपैकी तिघी पुढे आलेल्या, चौथी घसरून पडली. मी समोरच्या गोलपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहून पाहत होते, सिनेमा पाहावा तशी. दुर्गा एकटी बाहेर आली आणि तिघींच्या पायांत झेपावली. हाड मोडल्याचा आवाज मला एवढ्या लांब ऐकू आला नाही. तिची किंकाळी आली.

बॉल गोलमध्ये गेला नाही. दुर्गाने तो छातीशी धरून ठेवला होता. मॅच आम्ही जिंकलो.

ऑटोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खांद्याजवळचं हाड मोडलेलं, दात ओठांत रुतलेले. ती पुटपुटली, "काका रहितिस त चिल्ला के बलातिस सब झन ला." काका असते तर त्यांनी ओरडून सगळ्यांना मागे बोलावलं असतं. तिने आरोप केला नाही. जे नव्हतं ते सांगितलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. काही महिन्यांत माणूस इतका वाळू शकतो हे मला माहीत नव्हतं. काम सुटलं होतं. खाटेवर तीन उशांना टेकून बसलेले, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि बोलताना दर चार शब्दांनी थांबणं. शेवंताकाकूंनी मला पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवला.

"ये, लीडर," काका म्हणाले. "दुर्गाचं समजलं."

मी रडायला लागले. माफी मागायला लागले. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"पत्रकाचं म्हणून राहिली असशीन तं ते मले भेटलं. फल्लीच्या पुडीत. फल्लीवाल्यानं शेंगा बांधून देल्या त्यात. शेंगा खाल्ल्या अन मग वाचलं." त्यांनी श्वास घेतला. "त्या मॅनेजरले हातात देल्लं ना तू? मले काहून नाही देल्लं?"

मी मोबाईल काढला, म्हटलं, फोटो आहे, आत्ता दाखवते.

"मोबाईल नाही. कागद आण."

घरी फाइलमध्ये एक प्रत उरली होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले आणि त्यांच्या हातात दिली. नजरेला नजर देणं जमलं नाही. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे परत दिला. "आता वाच. बैठकीत वाचतं तसं. जोरात."

मी वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"वाच."

"काका, नाही."

"लिहितानी थांबली होती काय? मंग वाच."

"डरपोक कोच," मी वाचलं. "डरपोक खेल." दारात काकू उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

"हव," काका म्हणाले. "खरं लिहिलं. भेतो मी." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते थांबत थांबत, नळीतून श्वास ओढत. मी सलग लिहिते आहे, त्यांनी सलग सांगितलं नाही.

"तुमचा जन्म नसन झाला तवाची गोष्ट. भट्टीच्या वर माल अटकला होता. सुपरवायझर खालून कावला, चला, चला, प्रॉडक्शन थांबलं. मी अन माहा जोडीदार लखन, दोघं चढलो. मी पुढं. मले लय घाई. अटकलेलं मोकळं केलं, खालून साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी बी खुश. हात वर केला मी, लीडर. अन मागं वळलो तं लखन नाही. बाजूचा गरम माल त्याच्या अंगावर बसला होता. त्यानं आवाज देल्ला असन. टाळ्यायत मले ऐकू नाही आला." त्यांनी नाकातली नळी सारखी केली. "तवापासून पुढं काय चाललं ते मले दिसतच नाही. लोकं टाळ्या वाजवतात तं माही मान आपोआप मागं जाते."

त्या कारखान्यात टाळ्या वाजवणाऱ्यांना बढत्या मिळाल्या असतील. लखनचं नाव कुठल्या भिंतीवर आहे, कुणी दाखवावं मला. आम्ही दुर्गाच्या टीमवाल्या काही वेगळ्या नव्हतो. पेपरात फोटो माझा आला होता.

मी म्हटलं, "काका, वापस आ जाओ. मी कमिटीला सांगते. नवं पत्रक काढते."

ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "पत्रकावर पत्रक! नाही वं. त्या पोऱ्याले राहू द्या. त्याले गोल शिकवता येते, मले नाही येत. मी तुमची पाच वर्षं शून्यात घालवली, हे बी खरं आहे." खाटेखाली हात घालून त्यांनी निवारीची गुंडाळी ओढली. "हे घेऊन जा. त्याले म्हणा, तीन पाठव पुढं, चार पाठव. पण मागच्या पोट्ट्याईच्या हातात हे असू दे. अन एक जण कोणी तरी जाळीमागं उभा ठेवा. ज्याले गोल पाहाची हौस नाही असा."

मी उठले तेव्हा ते म्हणाले, "बस. तो गोल सांग. सेमीफायनलचा."

त्यांना तो आठवत होता. मी खाटेवर औषधाच्या बाटल्या मांडल्या. ही खोकल्याची बाटली मी, तिचं बूच बॉल, या दोन गोळ्यांच्या पट्ट्या त्यांच्या बॅक, हा वाफेचा डबा गोलकीपर. हिला डावीकडून मागे टाकलं, हिच्या पायांतून काढला, असा. काका बुचाकडे एकटक पाहत होते. पहिल्यांदाच ते बॉलकडे पाहत होते.

"मस्त," ते म्हणाले. "डाव्या पायानं? मस्त." मग म्हणाले, "अन तवा दुर्गा कोठं होती, माहीत आहे तुले? तुहा गोल पाहाले चौकोनाच्या बाहेर आलती. गोल उघडा. मले तिचाच घोर लागला होता."

त्या एका क्षणाचे दोन तुकडे होते. माझ्याकडचा मी तेवढे महिने सांभाळला होता, त्यांच्याकडचा त्या दुपारी मला मिळाला.

थंडी संपायच्या आत काका गेले. सर्टिफिकेटवर जे कारण लिहिलं, त्यात धूळ हा शब्द नाही. मी तो कागद तीनदा वाचला. श्वास बंद पडला असं त्यात आहे. तो कशाने बंद पडला, हे विचारायला जागाच नाही. त्यावर मी लिहीन, ते वेगळं लिहीन, आणि त्याची पहिली प्रत कोणाच्या हातात द्यायची हे मला माहीत आहे. काकूंनी त्यांचा निळा डगला धुवून दोरीवर घातला होता. संध्याकाळपर्यंत त्यावर परत काळी भुकटी बसली. काकूंनी तो न झटकता घडी करून ठेवला.

माझा गुडघा पुढच्याच वर्षी गेला, खेळणं सुटलं. नवे कोच मधल्या रेषेपाशी असतात, ओरडतात, तिघींना पुढे पाठवतात. सरावाची पहिली वीस मिनिटं मागच्या चौघी निवार धरून सरकतात. निवार आता काळपट पडली आहे. दुर्गाचा हात पूर्ण वर जात नाही, पण ती खेळते. आणि मॅचमध्ये मी आमच्या गोलच्या मागे उभी असते, जाळीला नाक लावून.

गेल्या रविवारी शेवटच्या मिनिटात मैदान एकदम ओरडलं. मी तेव्हा आमच्या डाव्या बॅकला आत ये, आत ये म्हणत होते. मान वर केली तर मुस्कान, आमची नवी फॉरवर्ड, आख्खं मैदान ओलांडून माझ्याकडे धावत येत होती. सतरा वर्षांची पोट्टी, चेहरा नुसता उजेड.

"दीदी, देखा?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कसा झाला? सांग बरं."

तिचा चेहरा विझताना मी पाहिला. काकांनी माझा पाहिला असेल का, कोण जाणे. ती मागे फिरली. मी जाळीला वळसा घालून तिच्यामागे लंगडत गेले आणि तिचा खांदा धरला.

"सुन. लिखना है ना मेरे खिलाफ? लिख. जो लिखना है, सब लिख. बस, पहली कॉपी मेरे हाथ में देना."